नराची पपई, मादीची पपई

पपई आपली नाही, असं आमच्या गावात सांगितलं तर लोक हसतात. जिला कुणी मुद्दाम लावलं नाही, खत घातलं नाही, जी न्हाणीच्या सांडपाण्यावर आपोआप उभी राहिली, ती परदेशातली कशी? पण खरं आहे ते. तिचं मूळ गाव दक्षिण मेक्सिको अन् मध्य अमेरिका. स्पॅनिश लोकांनी ती फिलिपाईन्सला नेली, तिथून ती मलाक्क्याला गेली आणि मग आपल्याकडं आली. कानडी लोक तिला अजूनही परंगी हण्णु म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचं फळ. आपण मात्र तिचं फिरंगीपण पार विसरून गेलो.

लिन्सखोतेन नावाचा एक डच माणूस १५८३ साली गोव्यात आला आणि पाचेक वर्षं तिथल्या आर्चबिशपकडं कामाला होता. १५९६ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात पपईच्या या प्रवासाची नोंद आहे. त्यानं आणखी दोन गोष्टी लिहिल्यात. एक, या झाडात नर-मादी असतात अन् दोघं जवळ नसले तर फळ धरत नाही. दुसरी, नवी होती तोवर लोकांना तिचं फार अप्रूप होतं, पुढं कुणी विचारीना. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी पपईची किंमत उतरली होती म्हणायची!

आमच्या लहानपणीही ती अशीच बिनकिमतीची होती. आंबा विकायचा, पेरू विकायचा, पपई वाटायची. शेजारी मटण शिजत नसलं की पोरगं कच्ची पपई मागायला यायचं. तिच्या चिकानं मांस मऊ पडतं, हे बायांना कुण्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. गरोदर बाईला मात्र पपई दाखवायचीसुद्धा नाही. बी राखायचं काम आजीचं. गोड निघालेल्या फळाचं बी राखेत चोळून, सावलीत वाळवून फडक्यात बांधून ठेवायची. माहेरवाशीण निघाली की तिच्या ओटीत त्यातलं चिमूटभर जायचं.

नर-मादीचं कोडं आजीलाही पक्कं ठाऊक होतं. रोपावरून काही कळत नाही. पाच-सहा महिन्यांनी फुलं आली की नराची फुलं लांब दांड्यांवर झुंबरासारखी लोंबतात, मादीचं फूल खोडाला चिकटून बसतं. म्हणून एका आळ्यात तीन-तीन रोपं लावायची आणि फुलं दिसल्यावर जादा नर काढायचे. दहा माद्यांमागं एक नर पुरे. काही जण नराच्या बुंध्यात खिळा ठोकायचे, म्हणजे तो फळ धरतो म्हणे. एखादा नर हवामान बदललं की आपणहून दोन-चार फळं धरतो, श्रेय खिळ्याला मिळतं.

पुढं पपई परसातून शेतात आली. वॉशिंग्टन आली, जांभळ्या देठाची. मधुबिंदू आली. कुणी चिकासाठी पपई केली. पहाटे कच्च्या फळावर पात्यानं चिरा पाडायच्या, टपकणारा चीक गोळा करून वाळवायचा. त्याचं पपेन होतं अन् कारखान्यांना जातं. हाताची कातडी मात्र सोलून निघायची. चीक काढलेली फळं टुटीफ्रुटीला.

मग तैवान ७८६ आली, रेड लेडी. लाल गर, दूरच्या बाजाराला टिकणारं फळ. तिच्यात नुसता नर निघतच नाही. झाडं मादीची नाहीतर दोन्ही अंगांची. सहा बाय सहा फुटांवर एकरात १२१० झाडं, जवळपास सगळी फळणारी. नर काढायची कटकट मिटली. खान्देशातल्या शहाद्याकडं पपईनं शिवारं भरली, उत्तरेकडं ट्रक जाऊ लागले. पैसा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही संकरित जात. तिचं बी धरून लावलं तर आईसारखं पोर निघेल याची खात्री नाही. दरवेळी नवं पाकीट घ्यायचं.

त्यात रिंगस्पॉट. पपईवरच्या मोझॅक रोगाची नोंद मुंबई प्रांतात १९४८ सालीच झाली होती. पण झाडं परसात एकेकटी होती तोवर त्याची झळ गावाला लागली नाही. आता शिवारभर एकच पीक. मावा पपईवर घर करत नाही, नुसती चव घेऊन पुढच्या झाडावर जातो. तेवढ्यात विषाणू देऊन जातो. औषधानं तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. पानं आखडतात, फळांवर वलयं उठतात आणि व्यापारी बागेच्या कडेवरूनच मान हलवतो. दोन-तीन वर्षं टिकणारी बाग आता एका हंगामात उपटावी लागते.

मागं भावकीत एकानं मला जुन्या पपईचं बी मागितलं. चार गावं विचारली. शेवटी एका म्हातारीच्या गोठ्यामागं तीन झाडं सापडली. दोन माद्या फळांनी लदलेल्या, तिसरा नर. सून म्हणत होती, हा फळत नाही, तोडून टाकते. मी म्हटलं, बाई, याला राहू दे, बी धरायचंय.