रंगांचा शेजार



मी भाषेचा अध्यापक. चित्रकलेविषयी बोलण्याचा माझा अधिकार केवळ रसिकाचा. परंतु ज्या इंदूर नगरीत १९१० साली नारायण श्रीधर बेंद्रे जन्मले आणि देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली घडले, तेथील शाळेच्या या स्मृति-व्याख्यानात रंगविचाराचा इतिहास आठवणे अप्रस्तुत ठरू नये.

हा विचार चित्रशाळेत नव्हे, रंगाऱ्यांच्या कारखान्यात बळावला. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत १८२४ साली शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख झाले. निळ्या-जांभळ्या विणीतील काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार होती. त्यांनी तो इतर ठिकाणच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. रंग अस्सल निघाला. उणेपणा धाग्यात नव्हता, शेजारात होता. जवळजवळचे रंग परस्परांचे रूप पालटतात, हा सिद्धांत त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. तांबड्याशेजारी हिरवा अधिक हिरवा होतो, तो त्यामुळेच.

पुढे जॉर्ज सरा या तरुण चित्रकाराने १८८४ ते १८८६ या काळात ग्रांद जात्त बेटावरील रविवारचे भव्य चित्र सुट्या ठिपक्यांनी रंगविले. पट्टीवर मिसळल्याने मळणारे रंग पाहणाराच्या डोळ्यात मिसळतील, ही त्यामागील आशा. ती सर्वस्वी फळली नाही. निळे व पिवळे ठिपके दुरून हिरवे न दिसता करडेच दिसू लागतात. शास्त्र दिशा देते, सिद्ध पाककृती देत नाही.

बेंद्र्यांनी हे मर्म ओळखले होते, असे मला वाटते. १९५० पासून १९६६ पर्यंत त्यांनी बडोद्यात अध्यापन केले. उत्तरायुष्यात त्यांनीही ठिपक्यांची रीत स्वीकारली, पण नियम सिद्ध करण्यासाठी नव्हे. आपल्या मातीतला प्रकाश पकडण्यासाठी.

आता एक कबुली. ‘मला माहीत पडले’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाक्याखाली मी वर्षानुवर्षे तांबडी रेघ ओढली. ‘कळले’ हेच शुद्ध, हे मी आजही सांगेन. परंतु त्या मुलांची मराठी हिंदी आणि माळवीच्या शेजारात वाढली होती, हे मी ध्यानी घेतले नाही. तिला फिकी म्हणताना मी धागा तेवढा तपासला, वीण पाहिलीच नाही. ती पाहावी, एवढीच या शाळेतील शिक्षकांना माझी विनंती.