घरसामान बाहेरगावी हलवताना: पॅकर्स-मूव्हर्सची निवड

इंदूरमधील आपल्या अनेक कुटुंबांतील मुले पुणे, मुंबई, हैदराबादला स्थिरावली आहेत. निवृत्तीनंतर आई-वडीलही तिकडे जातात आणि तीस-चाळीस वर्षांचा संसार एका ट्रकमध्ये भरावा लागतो. आमच्या थोरल्या बंधूंचे सामान पुण्याला पाठवताना फोनवर ठरलेला भाव सामान ट्रकवर चढल्यावर दीडपट झाला. पैसे दिल्याशिवाय सामान उतरवणार नाही, हेही ऐकावे लागले. हातात एकही कागद नव्हता, म्हणजे चूक आमचीही होती. मंडळाच्या सभासदांवर ती वेळ येऊ नये, म्हणून ही माहिती.

भाव ठरवण्यापूर्वी

किमान तीन कंपन्यांना घरी बोलावून सामान दाखवावे. न पाहता सर्वांत कमी भाव सांगणाऱ्यापासून सावध राहावे. पॅकिंग, हमाली, जिन्याचे मजले, टोल, जीएसटी हे सर्व धरून भाव लेखी घ्यावा. ट्रक फक्त आपल्या सामानाचा असेल की पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या सामानासोबत, हेही विचारावे. पार्ट लोड स्वस्त पडते, पण दिवस जास्त लागतात आणि वाटेत सामान गाडी बदलू शकते.

कंपनीची पारख

ट्रान्सपोर्ट नगर किंवा देवास नाक्याच्या भागातील त्यांचे कार्यालय आणि गोदाम प्रत्यक्ष पाहून यावे. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर बदलून धंदा करणारेही असतात. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७), पुढील दहा अक्षरे पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की मालकाचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते दिसते.

‘आयबीए मान्यताप्राप्त’ असे बहुतेक जण छापतात. इंडियन बँक्स असोसिएशन वाहतूकदारांची यादी ठेवते. त्यात नाव आहे का, ते पाहावे. नोकरीत असलेल्यांना बदलीचे बिल मंजूर करून घेताना हे उपयोगी पडते. मात्र त्या यादीत नाव असणे म्हणजे सामानाची हमी नव्हे.

आगाऊ रक्कम थोडीच आणि कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरावी, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नव्हे.

विमा

कंपनी बिलात ‘विमा’ म्हणून टक्केवारी लावते, पण पॉलिसी काढलेली असतेच असे नाही. विमा कंपनीचे प्रमाणपत्र आपल्या नावाने मागावे. सामानाची किंमत कमी दाखवली तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी मिळते.

सामान भरताना

प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालावा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. फ्रीज, टीव्ही, कपाटे यांचे फोटो काढावेत. बिल्टी घेतल्याशिवाय ट्रक सोडू नये. तिच्यावर गाडीचा क्रमांक व सामानाची जाहीर केलेली किंमत असावी. गॅस सिलिंडर एजन्सीत परत करून अनामत घ्यावी. दागिने, एफडीच्या पावत्या, घराची कागदपत्रे आणि देव्हाऱ्यातील देव आपल्याबरोबरच न्यावेत.

नुकसान झाल्यास

खोकी मोजून घ्यावीत आणि तूटफूट पोच देताना त्याच कागदावर लिहावी. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ नुसार दावा लावण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही सामान बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे पुण्याला गेलेल्यांना त्यासाठी इंदूरला फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

कोणाला नवे टीव्ही-फ्रीज घेता येतील, पण आजीची पितळी परात पुन्हा मिळणार नाही. म्हणून चार दिवस चौकशीत गेले तरी चालतील, घाई करू नये.