इंग्रजी वाक्प्रचार: शब्द ओळखीचे, अर्थ मात्र भलताच

‘वी हॅव टू लेट यू गो’ या वाक्यात एकही अवघड शब्द नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ शाळकरी मुलालाही सांगता येईल. पण ऑफिसात साहेबाने हे वाक्य उच्चारले, तर ‘आज लवकर घरी जा’ असा त्याचा अर्थ होत नाही. ‘तुम्हाला नोकरीवरून कमी करत आहोत’ असा होतो.

इंग्रजी वाक्प्रचारांची खरी अडचण इथेच आहे. मांजर, कुत्रा, हत्ती असलेले वाक्प्रचार शाळेत पाठ करून घेतले जातात. ते विचित्र दिसतात, म्हणून कान टवकारले जातात आणि माणूस अर्थ विचारतो. साध्या शब्दांचे वाक्प्रचार मात्र समजल्यासारखे वाटतात आणि निसटून जातात. बेळगाव, निपाणी, खानापूरहून पुण्या-बेंगळुरूला किंवा गोव्यात नोकरीला जाणारी मुले असोत, की इंदूर, वडोदरा, हैदराबादची मराठी घरे. ऑफिसातला ईमेल आणि फोन इंग्रजीतच असतो. तिथे हा फरक कळणे गरजेचे आहे.

मराठीतही हेच घडते

घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणत नाही. दुकान बंद केले की ते ‘वाढवले’, बांगडी फुटली की तीही ‘वाढवली’. आणि ‘बघू’ म्हणजे पुष्कळदा सरळ नकारच. मराठी शिकणारा कन्नड किंवा गुजराती शेजारी इथे कोश उघडून बसला, तर गोंधळणारच. इंग्रजीचेही तसेच आहे.

ऑफिसात आणि पत्रात येणारे

‘वुई विल गेट बॅक टू यू’: आम्ही नंतर कळवू. मुलाखतीच्या शेवटी हे ऐकले, तर तो होकार नव्हे. दुसरीकडचे प्रयत्न थांबवू नयेत.

‘ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’: वाचताना ‘सवडीने करा’ असे वाटते. नोटिशीत किंवा बँकेच्या पत्रात त्याचा अर्थ ‘लवकरात लवकर करा’ असा घ्यावा.

‘सब्जेक्ट टू’: अमुक अट पूर्ण झाली तरच. नेमणुकीच्या पत्रात ‘सब्जेक्ट टू व्हेरिफिकेशन’ असेल, तर कागदपत्रांची तपासणी होईपर्यंत नोकरी पक्की नाही.

‘आय ॲम अफ्रेड’: बोलणारा घाबरलेला नसतो. ‘माफ करा, पण’ असे त्याला म्हणायचे असते. पुढे बहुधा नकार किंवा वाईट बातमी येते.

‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’: ‘आपला मान राखून सांगतो’. यानंतर विरोधच येणार, हे धरून चालावे.

‘यू मे वॉन्ट टू लुक ॲट धिस अगेन’: सल्ला वाटतो, पण वरिष्ठ म्हणाले तर ‘हे पुन्हा तपासा’ असा हुकूम समजावा.

‘स्मॉल प्रिंट’: करारातल्या बारीक अक्षरातल्या अटी. सही करण्याआधी त्याच वाचायच्या असतात.

‘इन द रेड’ आणि ‘इन द ब्लॅक’: तोट्यात आणि नफ्यात. हिशेबाच्या वहीत तुटीचा आकडा लाल शाईने लिहीत, त्यावरून हे आले.

रोजच्या बोलण्यातले, मराठी जोडीसह

‘पीस ऑफ केक’: हातचा मळ.
‘ऑन द फेन्स’: तळ्यात-मळ्यात.
‘बीट अराउंड द बुश’: आडवळणाने बोलणे.
‘स्पिल द बीन्स’: गुपित फोडणे.
‘कट कॉर्नर्स’: पैसा किंवा वेळ वाचवण्यासाठी काम कसेबसे उरकणे.
‘पास द बक’: आपली जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात मारणे.
‘कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग’: अव्वाच्या सव्वा किंमत पडणे.
‘अंडर द वेदर’: अंगात कणकण असणे, बरे नसणे. हवामानाशी संबंध नाही.
‘कॉल इट अ डे’: आजचे काम इथेच थांबवणे.
‘ब्रेक अ लेग’: रंगमंचावर जाणाऱ्या कलाकाराला दिलेली शुभेच्छा.
‘वन्स इन अ ब्लू मून’: कपिलाषष्ठीचा योग. एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, तर दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात. असे साधारण अडीच वर्षांतून एकदा घडते.

काही इंग्रजी वाक्प्रचार तर मराठीत येऊन घरचेच झाले आहेत. ‘पांढरा हत्ती’ आणि ‘लालफितीचा कारभार’ ही त्यातलीच उदाहरणे. लाल फीत म्हणजे सरकारी कागदांचे गठ्ठे बांधायची फीत.

क्रिकेटचे की बेसबॉलचे?

ब्रिटिश माणूस ‘स्टिकी विकेट’ म्हणतो, म्हणजे तो अडचणीत आहे. खेळपट्टी झाकण्याची पद्धत नव्हती तेव्हा पावसाने भिजून वाळत आलेल्या खेळपट्टीवर फलंदाजाची भंबेरी उडायची. क्रिकेट पाहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. अमेरिकी माणूस मात्र ‘बॉलपार्क फिगर’ मागतो, म्हणजे अंदाजे आकडा. ‘टच बेस’ म्हणतो, म्हणजे थोडक्यात संपर्क साधतो. हे दोन्ही बेसबॉलमधून आले आहेत.

एकाच शब्दाचे दोन देशांत उलटे अर्थही होतात. ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणे, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांत बराच वेळ वाद झाला. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी होती, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धावरील ग्रंथात नोंदवले आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांचीही ही गत!

भारतीय इंग्रजी बाहेर जाते तेव्हा

‘प्रीपोन’, ‘आउट ऑफ स्टेशन’, ‘डू द नीडफुल’ हे आपल्याकडे सर्रास चालते. ते चुकीचे म्हणून लाजायचे कारण नाही. भारतीय इंग्रजीचा तो भाग आहे. पण परदेशी ग्राहकाशी बोलताना तीन ठिकाणी जपावे. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे आपल्याकडे ‘एक शंका विचारायची आहे’. तिकडे ‘माझा विश्वास नाही’ असे वाटू शकते. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणावे. ‘पास्ड आउट’ म्हणजे तिकडे बहुतेकांना बेशुद्ध पडणे वाटते. त्याऐवजी ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे. ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणे, उत्तरासाठी ‘रिप्लाय’ पुरेसा आहे.

अर्थ अडला तर

शब्दशः अर्थ प्रसंगात बसत नसेल, तर तो वाक्प्रचार आहे असे समजावे. मान डोलावून गप्प बसण्यापेक्षा ‘जस्ट टू कन्फर्म’ अशी सुरुवात करून, आपल्याला जे समजले ते साध्या इंग्रजीत परत सांगावे. समोरचा चूक असेल तिथे दुरुस्त करतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. स्वतः वापरण्याची घाईही नको. एखादा वाक्प्रचार दोन-चार वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून, वेगवेगळ्या प्रसंगी ऐकल्यावरच आपल्या तोंडी आणावा. तोवर साधे, सरळ इंग्रजी कुठेही चालते.