'१९८४' : हुकूमशाहीचा चेहरा आणि आवाज

भारतात २००६ पासून दाखवल्या जाणाऱ्या 'बिग बॉस'चे मूळ 'बिग ब्रदर' या डच कार्यक्रमात आहे आणि त्या कार्यक्रमाचे नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीतून आले आहे. मनोरंजनाच्या झगमगाटात या नावामागची दहशत मात्र विस्मरणात गेली. सतत पाळत ठेवणाऱ्या सत्तेची ही दहशत पडद्यावर विलक्षण प्रत्ययकारी रीतीने उभी राहिली, ती दिग्दर्शक मायकेल रॅडफर्ड यांच्या १९८४ सालच्याच ब्रिटिश चित्रपटात. त्याचे मोठे श्रेय जॉन हर्ट आणि रिचर्ड बर्टन या दोन अभिनेत्यांकडे जाते.

ऑर्वेल यांचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे, तर रॅडफर्ड यांचा १९४६ मध्ये नवी दिल्लीत झाला. ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. बीबीसीने १९५४ मध्ये पीटर कुशिंग यांना घेऊन तिचे दूरचित्रवाणी रूपांतर सादर केले, तर १९५६ मध्ये तिच्यावर पहिला चित्रपट निघाला. रॅडफर्ड यांनी कादंबरीतील काळाचा मान राखत १९८४च्या एप्रिल ते जून या महिन्यांत लंडन व परिसरात चित्रीकरण केले. त्यांना चित्रपट कृष्णधवल हवा होता. निर्मिती संस्थेने नकार दिल्यावर छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी फिल्मवरील प्रक्रियेत रंग फिके पाडणारी पद्धत वापरली. त्यामुळे सारे जग राखाडी, धुळकट आणि आजारी भासते. यातले भविष्य चकचकीत यंत्रांचे नाही. ते युद्धोत्तर लंडनमधल्या टंचाईचे, पडक्या भिंतींचे आणि बेचव अन्नाचे आहे.

विन्स्टन स्मिथ हा सत्य मंत्रालयातील एक सामान्य कर्मचारी. जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर पक्षाच्या सोयीनुसार बदलणे हे त्याचे काम. कालचा मित्र आज शत्रू ठरला, तर कालचे वृत्तपत्रही तसेच बोलले पाहिजे! घरातल्या टेलिस्क्रीनची नजर चुकवून तो रोजनिशी लिहू लागतो, ज्युलियाच्या प्रेमात पडतो आणि पक्षाचा वरिष्ठ अधिकारी ओब्रायन याच्यावर विश्वास टाकतो. हाच विश्वास त्याचा घात करतो.

हर्ट यांनी विन्स्टनला नायकाचे तेज मुळीच दिलेले नाही. चित्रीकरणाच्या वेळी ते ४४ वर्षांचे होते, पण त्यांचा सुरकुतलेला चेहरा आणि वाकलेले खांदे त्याहून कितीतरी थकलेल्या माणसाचे वाटतात. 'द एलिफंट मॅन' (१९८०) मध्ये जड रंगभूषेआडून माणूसपण दाखवणाऱ्या या अभिनेत्याला येथे उघड्या चेहऱ्यावरचे भाव दडवायचे होते, कारण ओशनिया या राष्ट्रात चेहऱ्यावर उमटलेला विचारही गुन्हा ठरतो. जमावासोबत घोषणा देताना ओठ हलतात, डोळे मात्र अलिप्त राहतात. एवढ्याशा फटीतून प्रेक्षकाला विन्स्टनचे मन दिसते.

ओब्रायनच्या भूमिकेसाठी आधी पॉल स्कोफील्ड यांची निवड झाली होती. त्यांचा पाय मोडल्याने चित्रीकरण सुरू झाल्यानंतर ती बर्टन यांच्याकडे आली. वेल्समधील खाणकामगाराच्या या मुलाला ऑस्करची ७ नामांकने मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. घनगंभीर, घुमणारा आवाज ही त्यांची ओळख होती. येथे त्यांनी हे हुकमी अस्त्र म्यान केले. ओब्रायन ओरडत नाही, दात-ओठ खात नाही. यातनायंत्राला जखडलेल्या विन्स्टनला तो चार बोटे दाखवून ती पाच असल्याचे पटवू पाहतो, तेव्हा त्याच्या स्वरात मंद विद्यार्थ्याला समजावणाऱ्या शिक्षकाची कळकळ असते. अंगावर काटा येतो तो याच मायेने. छळणाऱ्याला केवळ आज्ञापालन नको आहे; त्याला समोरच्याचे मन हवे आहे, हे बर्टन यांच्या संथ बोलण्यातून उमगते.

या प्रसंगांत एकाने देह दिला, दुसऱ्याने आवाज. हर्ट जितके खचत जातात, तितके बर्टन शांत होत जातात. सुझॅना हॅमिल्टन यांची ज्युलियाही लक्षणीय आहे. तिच्या मोकळ्या, निर्भय वावरामुळेच पुढे काय हिरावले जाते, याचे मोल कळते. शेवटी विन्स्टन प्रेमाची कबुली पुटपुटतो, ती ज्युलियासाठी की बिग ब्रदरसाठी, हे हर्ट यांचा चेहरा सांगत नाही. बंडाचा अवशेष उरला आहे की नाही, हा निर्णय प्रेक्षकावर सोपवला जातो.

बर्टन यांचे ५ ऑगस्ट १९८४ रोजी वयाच्या ५८व्या वर्षी निधन झाले. ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये झळकलेला हा त्यांचा अखेरचा चित्रपट. हर्ट यांचे २०१७ मध्ये निधन झाले. त्याआधी २००६ साली प्रदर्शित झालेल्या 'व्ही फॉर व्हेंडेटा'मध्ये त्यांनी भव्य पडद्यावरून गरजणारा हुकूमशहा रंगवला होता. विन्स्टनला धाकात ठेवणाऱ्या पडद्यावर जणू त्याचाच चेहरा येऊन बसला! हुकूमशहाचे आक्रस्ताळे रूप ओळखणे तसे सोपे असते. बर्टन यांचा मृदू ओब्रायन मात्र ओळखू येईपर्यंत उशीर झालेला असतो. इतक्या वर्षांनंतरही हा चित्रपट अस्वस्थ करतो, तो त्यामुळेच.