पाण्यातून गेला म्हणून धूर धुतला जात नाही

आजची गोष्ट सुरू होते माझ्या हॉस्टेलच्या खोलीत. सेकंड इयरला माझ्या रूममेटने पहिल्यांदा हुक्का ओढला. मी नाक मुरडलं तर म्हणाला, "अरे, सिगरेट थोडीच आहे? पाण्यातून फिल्टर होऊन येतो धूर." फायनल इयरला त्याच्या खिशात सिगरेटचं पाकीट असायचं. हुक्का कधीतरी, पाकीट रोज.

हे 'फिल्टर'चं वाक्य आलं कुठून? त्यासाठी जाऊया अकबराच्या दरबारात.

१६०४ च्या सुमारास असद बेग हा अकबराचा दरबारी विजापूरहून आग्र्याला परतला. आदिलशाही मुलखात त्याने तंबाखू पहिल्यांदा पाहिला होता. भेट म्हणून त्याने तंबाखू आणि एक रत्नजडित नळी आणली. अकबराने विचारलं, हे काय? एका सरदाराने सांगितलं, मक्का-मदिनेत हे प्रसिद्ध आहे, तुमच्यासाठी औषध म्हणून आणलंय. म्हणजे बघा, तंबाखू दरबारात शिरला तोच औषधाच्या नावाने!

अकबराने दोन-तीन झुरके घेतले. हकिमाने अडवलं. आपल्या जाणकारांनी न तपासलेली गोष्ट बादशहाने का घ्यावी, असं त्याचं म्हणणं. असद बेगचं उत्तर तयार होतं: जगातली प्रत्येक प्रथा कधीतरी नवीनच असते. अकबराला सवय लागली नाही, पण सरदारांनी मागून मागून तंबाखू नेला आणि व्यापारी तो विकायला लागले. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली. चालली नाही.

आता पाण्याकडे येऊ. इंटरनेटवर सगळीकडे वाचाल की अकबराचा हकीम अबुल फत गिलानी याने धूर 'शुद्ध' करायला हुक्का शोधला. पण हा हकीम १५८९ मध्येच वारला होता, असद बेग तंबाखू घेऊन येण्याच्या पंधरा वर्षं आधी! तारखा जुळत नाहीत, तरी कथा टिकली. कारण ती सोयीची आहे. हकिमाने बनवलं म्हटलं की वस्तू निर्धोक वाटते.

प्रत्यक्षात पाणी काय करतं? धूर गार करतं. थोडाफार निकोटिन अडतो, पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही, आणि वरचा कोळसा तो आणखी तयार करतो. गार धूर घशाला टोचत नाही, म्हणून माणूस खोल ओढतो आणि तासभर ओढतो.

आपल्याकडची गुडगुडी बैठकीत, म्हाताऱ्या माणसांच्या हातात असायची. विडी-सिगरेट आली आणि ती मागे पडली. मग १९९० च्या दशकात इजिप्तकडून गोड, फळांच्या वासाचा तयार तंबाखू जगभर पसरला, 'मुअस्सल'. पाण्याने टोच काढली होती, आता फ्लेवरने कडू चवही काढली. म्हाताऱ्यांची वस्तू पोरांची झाली. मुंबई-पुण्यात पार्लर उघडले. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट गेलं, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदी आणली.

पण माझ्या रूममेटचं काय? जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात संशोधकांनी सातवीच्या मुलांना २००८ पासून तीन वर्षं दरवर्षी प्रश्न विचारले. सिगरेट न ओढणाऱ्यांपैकी जी मुलं हुक्का ओढत होती, ती पुढे सिगरेटकडे जास्त वळली. जितका वारंवार हुक्का, तितकी शक्यता जास्त. हुक्क्यामुळेच झालं, असं एवढ्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. काही मुलं तशीही वळली असती. पण निकोटिनची ओढ लागली की रोज हुक्का कोण मांडत बसणार? सिगरेट खिशात मावते.

रूममेट अजून सोडायचा प्रयत्न करतोय. दोनदा सुटली, दोनदा परत लागली. परवा फोनवर म्हणाला, "तेव्हा कोणी सांगितलं असतं तर..." मी गप्प बसलो. सांगितलं तर मीही नव्हतं, फक्त नाक मुरडलं होतं.

म्हणून हा भाग. ग्रुपमध्ये कोणी 'फिल्टर'वालं वाक्य टाकलं, तर त्याला ऐकवा. भेटू पुढच्या भागात!