खुडूक कोंबडी

बखरींतून घोडे भेटतात, हत्ती भेटतात, उंटही भेटतात. कोंबडी मात्र माझ्या वाचनात फारशी आली नाही. तिची दखल घेतली ती म्हणींनी. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, हे ज्याच्या दारात कधी पीस पडले नाही तोही सांगतो. पण परसातला कळप उभा राहतो तो कोंबड्याच्या आरवण्याने नव्हे, तर कोंबडीच्या खुडूक बसण्याने.

ही बैठक फार जुनी आहे. थायलंडातील बान नॉन वाट येथे सापडलेली हाडे इसवीसनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली असून, पाळीव कोंबडीचा तो सर्वांत जुना खात्रीचा पुरावा असल्याचे संशोधकांनी २०२२ साली मांडले. भाताच्या दाण्यांच्या लोभाने तांबडा रानकोंबडा माणसाजवळ आला, असे त्यांचे म्हणणे. यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे बरे का! पाळीव कोंबडीचा पिवळ्या कातडीचा गुण करड्या रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. आणि हा करडा रानकोंबडा आपल्या घाटांतला रहिवासी. तेव्हा पिवळ्या पायांची कोंबडी अंगणात दिसली, तर तिचे लांबचे माहेर इथेच आहे असे समजावे.

आता आमच्या नाशिक जिल्ह्याचे पाहा. गोदाकाठच्या कित्येक वाड्यांतून एके काळी अंड्याचे नाव काढण्याची सोय नव्हती. पेठ-सुरगाण्याकडे मात्र कोंबड्या हा घरच्या बाईचा बटवा. नवी सून वेगळी राहू लागली की पहिली कोंबडी विकत आणीलच असे नाही. शेजारणीकडून अर्धलीने मिळते. कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा आणि पिले निम्मी निम्मी. कोंबडी खुडूक झाली, अंग फुगवून गुरगुरू लागली, की टोपलीत भुसा घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची. पुढचे एकवीस दिवस तीच अंडी फिरवते, तीच ऊब सांभाळते. दाणापाण्यापुरती उठते आणि पुन्हा जाऊन बसते. पुढे घारीसाठी डालगे आणि मुंगसासाठी खुराडे, एवढाच काय तो संसार. त्यातून मीठमिरची निघते, मुलांची पाटी-पेन्सिलही निघते.

हा बटवा आठवड्याभरात रिकामा करणारा रोग म्हणजे मानमोडी. हिंदुस्थानात तो १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊंतील राणीखेत येथे ओळखला गेला, म्हणून शास्त्रात त्याचे नावच राणीखेत पडले. त्यावर लस आहे आणि पुण्याच्या औंधला ती तयारही होते. अडचण वेगळीच. लस थंड राखावी लागते आणि एक कुपी निदान शंभर पक्ष्यांची. आठ कोंबड्यांच्या मालकिणीने ती फोडावी कशी? साऱ्या पाड्याने एका संध्याकाळी आपापले पक्षी एकत्र आणले, तरच ते जमते.

सरकारनेही अंड्यांचे मनावर घेतले. १९५९ च्या सुमारास मुंबईच्या आरे वसाहतीत केंद्राचे कुक्कुटपैदास केंद्र निघाले. पांढरी लेगहॉर्न वर्षाला दोनशेच्या वर अंडी देते, गावठी साठ-सत्तर. हिशोब उघड होता. परंतु जी खुडूक बसते तिचे अंडी घालणे तेवढे दिवस थांबते, म्हणून पैदासकारांनी निवड करता करता खुडूकपणच काढून टाकले. उबविण्याचे काम यंत्राकडे गेले. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली आणि पुण्याचे नाव या धंद्यात देशभर झाले. त्यामुळे अंडे स्वस्त झाले, गरिबाच्या ताटात गेले, हे मी मोठेच काम मानतो. मात्र परसातल्या बाईपुढे प्रश्न उभा राहिला तो वेगळा. शासकीय योजनेत पंचवीस तलंगा आणि तीन नर असा गट मिळतो. परसासाठी निघालेल्या गिरिराज, वनराज या जाती काटक, वजनदार. पण बहुधा खुडूक बसत नाहीत. म्हाताऱ्या झाल्या की कळप संपला.

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. तेव्हा मोठमोठ्या शेडांबरोबर आसपासच्या गावांतली परसातली कोंबडीही मारावी लागली. भरपाई पक्षी मोजून मिळते. पिढ्यान्‌पिढ्या खुडूक बसत आलेले वाण त्यात मोजायचे कसे?

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर माझ्या विद्यार्थिनीच्या आईला असा गट मिळणार होता. तिने मला विचारले, “गुरुजी, ह्यातली खुडूक कोण बसंल?” मला उत्तर देता आले नाही. तिने ते स्वतःच शोधले. पुढच्या खेपेस गेलो, तर गिरिराजाची बारा अंडी शेजारणीच्या गावठी कोंबडीखाली, अर्धलीच्या बोलीवर. अकरा पिले निघाली होती. पाच-पाच वाटली गेली, आणि अकरावे कोणाचे, यावर दोघींचे बोलणे चालू असतानाच माझी एस.टी. आली.