शेपटीचा पुरावा

अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला, तेव्हा त्याचं सगळं भांडवल चार पायांवर उभं होतं : होर्मुझहून आणलेला एक घोडा. घोडा जहाजात मेला असता तर निकितिन तिथंच बसला असता. तो जगला, पण पुढे जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि ‘आमचा धर्म स्वीकार, मग परत देतो’ अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून घोडा सुटला. निकितिनचं स्मारक आज रेवदंड्यात आहे.

विजयनगरात घोड्यांच्या व्यापाऱ्यांचं नशीब यापेक्षा बरं होतं. फेर्नांव नूनिझ या पोर्तुगीजाने लिहून ठेवलं आहे, की साळुव नरसिंह राजा मेलेले घोडेही विकत घेई. भर समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली, तरी तो जिवंत घोड्याचे पैसे मोजी. राजाला घोडे हवे होते आणि अरबस्तानातले व्यापारी धोका पाहून माघारी फिरायला नको होते, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. शेपटी नेमकी कुठल्या घोड्याची, हे कोण तपासत होतं, ते नूनिझ सांगत नाही. आजचा विमा सर्व्हेअर पहिला प्रश्न तोच विचारील.

पश्चिम किनाऱ्यावरच्या सावकारांनी या प्रश्नावर फार हुशार तोड काढली होती : जोखमी हुंडी. माल पाठवणारा व्यापारी जहाजाचं नाव घालून हुंडी लिही आणि सावकाराला विकून पैसे आधीच पदरात पाडून घेई. माल सुखरूप पोहोचला तर समोरच्या बंदरातला पेढीवाला सावकाराला हुंडीची रक्कम देई. जहाज बुडालं तर हुंडी बुडाली. म्हणजे विमा देणारा सावकारच, आणि हप्ता हुंडीच्या कमी-जास्त भावात मुरलेला. यात नुकसान झालेल्या माणसाला दावा करावाच लागत नसे, कारण पैसे त्याच्या हातात आधीच आलेले असत. जहाज पोहोचलं, हे सिद्ध करण्याचा खटाटोप सावकाराच्या गळ्यात. तरी भांडणं व्हायचीच. एकोणिसाव्या शतकात ती मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली.

पुढे मुंबईत विमा कंपन्या आल्या आणि हे चक्र उलटं फिरलं. आता आधी हप्ता भरायचा आणि नुकसान झाल्यावर पुरावा घेऊन दारात उभं राहायचं. किनाऱ्यावरच्या माणसाची अडचण इथे सुरू होते, कारण समुद्र पुरावाच घेऊन जातो.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. वाचलेले लोक काठाला लागले तेव्हा कुठे मुंबईला बातमी कळली. अशा अपघातात देह हाती लागला नाही, तर मृत्यू सिद्ध कसा करायचा? १८७२च्या पुरावा कायद्याने ठरवलं होतं, की ज्याची खबर आप्तांना सात वर्षं मिळाली नाही तो मेला असं मानावं. नव्या साक्ष अधिनियमातही सात वर्षं कायम आहेत. खोल समुद्रात गेलेल्या नाखवाच्या घरच्यांना त्याचा अर्थ असा, की परिस्थितीवरून मृत्यू शाबित झाला नाही तर आयुर्विम्याच्या पैशासाठी सात वर्षं थांबायचं, आणि पॉलिसी बंद पडू नये म्हणून तोवर हप्ते भरत राहायचं. गेलेल्या माणसाचे हप्ते! म्हणून बोट बंदरातून सुटताना खलाशांची नावं नोंदवणं आणि बेपत्ता झाल्याची खबर तत्काळ पोलिसांत देणं, या दोन कंटाळवाण्या गोष्टींना एवढं मोल आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं आणि हा सगळा जुना पेच एका दुपारीत पुन्हा उभा राहिला. पत्रे उडाले, कौलं फुटली, आगरांत सुपाऱ्या आणि माड एकमेकांवर आडवे झाले. कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. पाऊस तोंडावर आलेला. घर शाकारावं तर पंचनाम्याला दाखवायचं काय, आणि पंचनाम्याची वाट पाहावी तर धान्य भिजतं. विम्याच्या अटींचं उत्तर इथे स्पष्ट आहे : नुकसान आणखी वाढू न देणं हे विमेदाराचं कामच आहे. म्हणजे आधी मोडतोडीचे फोटो, फुटकं सामान एका कोपऱ्यात राखून ठेवायचं, कंपनीला लेखी कळवायचं आणि मग ताडपत्री टाकायची. दुरुस्तीची बिलंही जपायची.

सरकारी मदतीचा रस्ता वेगळा होता. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी पंचनामा करायचा. आगरमालकाने सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक द्यायचं. सातबाऱ्यावर मात्र आजोबांच्या वेळेपासूनची नावं आणि निम्मे हिस्सेदार मुंबईला, मग संमतीपत्रांसाठी धावाधाव. राज्याने फळबागांची मदत हेक्टरी १८,००० रुपयांवरून ५०,००० केली. आकडा घसघशीत वाटतो, पण किनाऱ्यावर आगरं गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांच्या आगराला त्या दराने जेमतेम पाच हजार येत. ओरड झाली, तेव्हा झाडामागे दर आला : सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. शंभर सुपाऱ्या पडल्या तरी पाच हजारच! नवी रोठा जातीची सुपारी लावली तर ती धरायला सहा-सात वर्षं लागतात.

आता दुसरा आकडा पाहा. नारळ विकास मंडळाच्या माड विमा योजनेत १६ ते ६० वर्षांच्या माडाला १,७५० रुपयांचं संरक्षण होतं आणि हप्ता वर्षाला १४ रुपये, त्यातला शेतकऱ्याचा वाटा फक्त चौथा हिस्सा. किमान पाच फळते माड असले की पुरे होतं. पडलेल्या माडाला सरकारकडून २५० आणि विम्यातून १,७५०, एवढा हा फरक होता.

दुकानं, घरगुती खानावळी आणि पर्यटकांच्या निवासांना आणखी एक फटका बसू शकतो, तो विमा कमी उतरवल्याचा. वीस लाखांच्या इमारतीचा विमा दहा लाखांचाच उतरवला, तर चार लाखांच्या नुकसानीवर कंपनी दोनच लाख देते; सर्व्हेअर तो हिशेब आधी मांडतो. एप्रिल २०२१पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत राहत्या घरासाठी ही कपात काढून टाकली आहे. दावा नाकारला, किंवा पटण्याजोगा भरला नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते; तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आंब्याच्या हवामानाधारित फळपीक विम्यात तर जोखमी हुंडीचीच आठवण व्हावी, इतका दावा करण्याचा त्रास कमी. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने ठरलेल्या मर्यादेपलीकडे पाऊस, तापमान किंवा वारा नोंदवला की भरपाई आपोआप निघते. बागेत कुणी पाहायला येत नाही. अडचण ही, की केंद्र डोंगराच्या पलीकडे आणि बाग अलीकडे असली तरी नोंद केंद्राचीच धरतात. शिवाय या संरक्षणाची मुदत १५ मे रोजी संपते. निसर्ग आलं ते त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी.